गवत किती उंच झालं की गाय पोटभर चरते?

वायकाटोकर | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

फलटणचा मामा सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहे. आमच्याकडे म्हणजे न्यूझीलंडात, वायकाटोमध्ये, मॉरिन्सविलच्या जवळ. मी इथे ३०० गाईंच्या डेअरीवर नऊ वर्षं कामाला आहे. परवा संध्याकाळचं दूध काढून गाई नव्या पॅडॉकात, म्हणजे कुंपण घातलेल्या चराईच्या तुकड्यात, सोडत होतो. मामा फाटकाला टेकून उभा. गवताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाळ्या, हे तर पोटरीलाही लागत नाही. आठ दिवस वाढू दे की. गाय घास घेणार तो कशाचा?"

मामाने चाळीस वर्षं गाई सांभाळल्यात, त्यामुळे उडवून लावता येईना. शिवाय नऊ वर्षांपूर्वी मीही इथल्या मुकादमाला हाच प्रश्न विचारला होता. रात्री जेवताना त्याला जे समजावलं तेच इथे लिहितो. चुकलं तर सांगा.

आधी मोजमाप. आम्ही गवत उभं मोजत नाही, दाबून मोजतो. एक काठी, तिच्यावर वर-खाली सरकणारी परातीएवढी गोल प्लेट आणि एक काउंटर. काठी जमिनीला टेकवली की प्लेट गवतावर बसते, गवत तिला जेवढं उचलून धरेल तेवढी उंची. अर्धा सेंटीमीटर म्हणजे एक क्लिक. दर आठवड्याला सगळी पॅडॉकं अशी ठोकत फिरायची. पाच-सहा किलोमीटर चाल होते, पोट कमी व्हायला उत्तम. (झालेलं नाही.)

क्लिकवरून चाऱ्याचा हिशेब निघतो. हिवाळा आणि वसंतासाठी (ऑक्टोबर म्हणजे इथला वसंत) इथलं नेहमीचं सूत्र म्हणजे क्लिक गुणिले १४० अधिक ५००. उत्तर हेक्टरी किलोत, तेही पाणी वगळून उरणाऱ्या चाऱ्याचं, ज्याला सगळे ड्राय मॅटर म्हणतात. परवाच्या पॅडॉकात सरासरी १८ क्लिक होते, म्हणजे दाबलेली उंची ९ सेंटीमीटर, चारा ३०२०. दुसऱ्या दिवशी गाई बाहेर पडल्या तेव्हा ८ क्लिक, म्हणजे १६२०. खाल्लं १४००. एका गाईला दिवसाला साधारण १६ किलो लागतं, ३०० गाईंना ४८००. म्हणजे रोज जवळपास साडेतीन हेक्टर. सायलेजसाठी, म्हणजे कापून हवाबंद साठवायच्या चाऱ्यासाठी, बंद केलेली पॅडॉकं सोडली तर ८० हेक्टर फेऱ्यात आहेत. पहिल्या पॅडॉकावर परत यायला २३ दिवस.

हे २३ दिवस लक्षात ठेवा, मामाच्या आठ दिवसांचं उत्तर त्यातच आहे.

आता घास. गाय दिवसाला किती खाते याचा गुणाकार सोपा आहे: किती मिनिटं चरली, मिनिटाला किती घास घेतले, एका घासात किती आलं. साधारण आकडे धरू. ९ तास म्हणजे ५४० मिनिटं, मिनिटाला ६० घास, घासात अर्धा ग्रॅम ड्राय मॅटर. झाले १६.२ किलो. बत्तीस हजारांवर घास! आणि त्या गवतात शंभरातलं ८४ पाणीच असल्यामुळे प्रत्यक्षात तिच्या पोटात १०० किलो ओलं गवत जातं.

यातला सगळ्यात हलता आकडा शेवटचा. गवत बुटकं झालं की घास हलका होतो. गाय मूर्ख नाही, ती वेग वाढवते, जास्त वेळ चरते. पण किती? समजा घास ०.३५ ग्रॅमवर आला, तिने मिनिटाला ६५ घास घेतले आणि दहा तास चरली, तरी १३.६५ किलोच भरतात. अडीच किलो कमी. ते थेट कॅनमध्ये दिसतं. तिला दिवसातले सात-आठ तास रवंथाला हवेत, दोनदा दूध काढायला चालत यायचंय, झोपायचंय. मजुराला ओव्हरटाइम करायला लावता येतो, गाईला फारसा नाही.

मामा म्हणाला, "मग मी काय वेगळं बोललो? उंच वाढव, घास मोठा होईल."

इथे तो अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा उद्या, सकाळी चारला उठायचंय.

पंचगंगाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

आरं वा, गवतावर धागा! हितं सगळं बाजारभाव न् राजकारण वाचून डोळं दुखाय लागलंत.

आमच्याकडं चरायला सोडायचा विषयच न्हाई. नेपियर म्हंजे हत्ती गवत, डोक्याच्या वर जातो, कापायचा, कुट्टी करायची, गव्हाणीत टाकायचा. उसाचं वाढं, कडबा, वरनं पेंड. तरी मामांचंच खरं वाटतंय मला. ढोपरभर गवतात गाय तोंड घालील तवा घास भरंल का वीतभर गवतात? तुमी गोऱ्याचं ऐकून मामाला गप केलासा म्हणा की.

वायकाटोकर | १५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मामाला गप करणारा अजून जन्मायचाय.

आमच्या पॅडॉकात रायग्रास नावाचं गवत असतं. त्याच्या एका फुटव्यावर एका वेळी तीनच पाती जिवंत राहतात. चौथं बाहेर आलं की पहिलं वाळायला लागतं. वसंतात इथे एक पातं यायला सात-आठ दिवस लागतात. तीन पात्यांना २१ ते २४ दिवस. आमचा २३ दिवसांचा फेरा उगाच नाही आलेला. मामाचे आठ दिवस म्हणजे नेमकं चौथं पातं! गवत वाढलेलं दिसेल, क्लिक वाढतील, पण तळाला पहिलं पातं पिवळं पडून कुजत असेल. आपण जे वाढवलं त्यातलं काही मातीलाच दिलं.

आणि घास मोठा होतो म्हणजे काय? गाय गवतात तोंड घालते तेव्हा वरच्या थराचा साधारण तिसरा हिस्सा, कधी निम्म्यापर्यंत, एका वेळी ओढते. उंच गवतात हा तिसरा हिस्सा मोठा, म्हणून घास मोठा, इथपर्यंत मामा बरोबर. पण वजन नुसत्या खोलीवर ठरत नाही. घासाच्या त्या जागेत पाती किती दाट आहेत तेही बघावं लागतं. उंच गवत वरती विरळ असतं. खाली दाट असतं, पण ते देठ असतात. गाय वरची पाती उडवते आणि देठांच्या थराशी आली की तोंड वर काढून दुसरीकडे जाते. तो थर तिच्यासाठी कुंपणासारखा आहे.

शिवाय लांब पात्याचा घास तोंडात घोळवून गिळण्याजोगा करायला जबडा जास्त चालवावा लागतो. ओढायला आणि चावायला जबडा एकच. घास मोठा झाला की मिनिटाला घास कमी होतात. एका उंचीनंतर घास वाढवून हातात काही पडत नाही.

इथले लोक हेक्टरी २६०० ते ३२०० किलोच्या मध्ये गाई सोडतात आणि १५००-१६०० ला बाहेर काढतात. त्याच्या वर गेलं तर ते पॅडॉक सायलेजला.

गुरांचा डॉक्टर | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

छान धागा. मी संगमनेर भागात प्रॅक्टिस करतो. चरण्यावर आमच्याकडे कोणी प्रश्न विचारत नाही, सगळे 'फॅट का लागत नाही' एवढंच विचारतात.

गाईच्या तोंडाबद्दल थोडं. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे टणक गादी असते. गाय जीभ बाहेर काढून गवताची मूठ वळते, खालचे दात आणि वरची गादी यांत धरते आणि मानेला झटका देऊन तोडते. म्हणून ती कापत नाही, ओढते. जीभ वळायला गवताला काहीतरी लांबी लागते. जमिनीलगतचं गवत मेंढी किंवा घोडा जसं कुरतडतो तसं गाईला जमत नाही. मेंढीचा वरचा ओठ मधे चिरलेला असतो, घोड्याला दोन्हीकडे दात असतात. एकाच माळावर शेवटी मेंढरं टिकतात आणि गाई हाडं दाखवतात ते यामुळे.

दुसरं, जंतांच्या अळ्या. शेणातून बाहेर पडून त्या गवतावर चढतात, पण बहुतेक तळाच्या चार-पाच सेंटीमीटरमध्येच राहतात. जेवढं खाली चाराल तेवढे जंत जास्त, कालवडींना तर नक्कीच.

आणि घासावरचं जुनं मूळ काम आपल्यासारख्याच उष्ण प्रदेशातलं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला स्टॉब्ज नावाचे संशोधक होते, त्यांनी १९७० च्या दशकात गाईंचे घास मोजले. त्यांचं म्हणणं साधारण असं: गाय दिवसाला ३६,००० घासांच्या पुढे सहसा जात नाही. मग घासात ०.३ ग्रॅमपेक्षा कमी आलं तर कितीही चरली तरी भागत नाही. आपल्या गायरानात दिवसभर फिरून संध्याकाळी रिकाम्या कुशीने परतणारी गाय बघा. आळशी नसते ती. तिचे घास संपलेले असतात.

लांजेकरीण | १५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

डॉक्टर, मग आमच्या कोकणाचं काय? आमच्याकडे गणपतीत गवत माझ्या कमरेला लागतं. सड्यावर नुसतं हिरवंगार. आणि तरीही दिवाळीनंतर गाई उतरायला लागतात, दूध आटतं. लहानपणी मला हे कोडंच वाटायचं, एवढं गवत असताना गाय बारीक कशी? आजोबा म्हणायचे, "गवात म्हातारा झाला." तेवढ्यावर विषय संपायचा.

गुरांचा डॉक्टर | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आजोबांनी सगळं एका वाक्यात सांगितलं, लांजेकरीणताई.

आपली पावसाळी गवतं आणि तिकडचं रायग्रास यांची जातच वेगळी. आपली पटकन उंच होतात, फुलोऱ्यावर येतात आणि पान कमी, काडी जास्त अशी होतात. कमरेएवढ्या गवतात हिरवी पाती विखुरलेली असतात. गाय ती वेचत बसते. वेचायचं म्हणजे घास लहान. म्हणजे उंच गवतातही तिची तीच गत जी वायकाटोकरांच्या बुटक्या गवतात. कुसळी गवत असेल तर आणखी वाईट, फुलोऱ्यानंतर कुसळं तोंडात टोचतात, गाय तोंडच घालत नाही. आणि जे खाल्लं ती काडी कोठीपोटात (गाईच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात) दिवसेंदिवस पडून राहते, पुढच्याला जागा नाही. पोट भरलेलं, गाय उपाशी.

म्हणून आपल्याकडे सेंटीमीटरच्या आधी पान किती नि काडी किती ते बघायचं.

हिशोबनीस | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न. एवढं क्लिक क्लिक करून न्यूझीलंडची गाय देते किती? माझी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गोठ्यात उभी राहून २८ लिटर देते. तिला चालवायचं, भिजवायचं, वर प्लेट घेऊन मागे फिरायचं कशासाठी?

वायकाटोकर | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

आमची गाय ऐन भरात २२-२३ लिटर देते. जर्सी-फ्रिजियन संकर, अंगाने लहान, ४५०-४८० किलोची. तुमची जिंकली, मान्य.

पण इथे पैसे लिटरवर मिळत नाहीत, फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर मिळतात. आणि दुधाचं नव्वद टक्क्यांहून जास्त देशाबाहेर जातं, जगाच्या भावाने. सरकारने १९८४ नंतर शेतीची अनुदानं जवळपास सगळीच काढून घेतली. अशा वेळी पेंड विकत घेऊन घालणारा पहिला बुडतो. गवत सगळ्यात स्वस्त, आणि ते कापायला, वाहायला, शेण काढायला माणूस लागत नाही. ३०० गाईंना आम्ही तीन माणसं. एक क्लिक इकडेतिकडे झाला तर हेक्टरी १४० किलोचा फरक पडतो, आमचा सगळा धंदा त्या क्लिकवर उभा आहे. तुमच्याकडे जमीन दोन एकर आणि पाणी बोअरचं, तिथे गोठाच बरोबर. मी कुणाला गाई मोकळ्या सोडा असं सांगायला धागा काढलेला नाही.

कॉर्कवासी | १६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आयर्लंडहून नमस्कार. मी गाईवाला नाही, दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात आहे, पण सासरे पक्के गाईवाले. (हो, आयरिश सासरे. त्यांना पुरणपोळी आवडते, कटाची आमटी नाही.)

वायकाटोकर, तुमचे आकडे इथे कुणी वापरले तर घोटाळा होईल, म्हणून लिहितोय. इथे चारा ४ सेंटीमीटरच्या वरचाच मोजतात. खालचं गवत गाईचं नाहीच असं धरून चालतात. त्यामुळे इकडचा माणूस '१४०० ला गाई सोडल्या' म्हणतो तेव्हा तुम्हाला वाटेल हा वेडा आहे, गवत नसताना सोडतोय. प्रत्यक्षात त्याचे १४०० म्हणजे जवळपास तुमचंच ३००० चं पॅडॉक. मोजायची सुरुवात वेगळी, एवढंच. १३०० ते १६०० ला सोडा आणि ४ सेंटीमीटरला काढा, हा इथला मंत्र. कॉर्क परगण्यातच फर्मॉयजवळ मूरपार्कला टेगॅस्कचं, म्हणजे इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेचं, दूधसंशोधन केंद्र आहे, त्यांनी तो शेतकऱ्यांच्या डोक्यात बसवलाय.

सासरे म्हणतात, २००० च्या वर गेलेल्या पॅडॉकात गाय सोडली की त्या दिवशी दूध बरं दिसतं आणि पुढच्या फेऱ्याला त्याच पॅडॉकात रडायची वेळ येते. ती निम्मं तुडवते, शेणाभोवतीचं सोडते, देठ उभे ठेवते. पुढच्या वेळी त्या देठांच्या झुबक्यांत तोंड घालायला ती तयार नसते.

अजून एक मजेदार गोष्ट. वसंतात इथे जमीन इतकी ओली असते की गाई खुरांनी चिखल करतात. तेव्हा दूध काढल्यावर तीन तास चरायला सोडतात आणि परत शेडमध्ये आणतात, सकाळी तीन, संध्याकाळी तीन. भुकेली गाय त्या सहा तासांत जवळपास दिवसभराएवढं खाते, मान वरच करत नाही. मात्र पुढ्यात गवत योग्य उंचीचं असलं तरच. बुटक्या गवतात हा डाव फसतो.

लांजेकरीण | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन, म्हणजे गाईला चरायची अशी ठरलेली वेळ असते का?

वायकाटोकर | १७ ऑक्टोबर, दुपारी २:१०

असते. पहाटे एक मोठा फेर आणि मावळतीला त्याहून मोठा. मधे लहान लहान. दिवसभर उन्हात पात्यांमध्ये साखर साठते, दुपारनंतर ती सगळ्यात जास्त असते, पातं थोडं कोरडंही झालेलं असतं. म्हणजे तोच घास, तीच उंची, पण संध्याकाळचा घास वजनदार आणि गोड. आम्ही नवा तुकडा मुद्दाम संध्याकाळच्या दुधानंतर उघडतो.

हे मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्याकडे तर त्याच वेळेला गाई घरी आणतात." गोरज मुहूर्तावर आपण लग्नं लावतो, पण ती धूळ उडते तेव्हा गाईला खरं तर माळावर तोंड खाली घालून असायचं असतं! अर्थात बिबट्या, चोर, धार, सगळं बघता गुराख्याचंही काही चुकत नाही. पण घरी आल्यावर गव्हाणीत चांगला चारा कधी टाकायचा, हे यावरून ठरवता येईल.

पंचगंगाकाठ | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

हे गोरजाचं भारी. आईला वाचून दाखवलं. ती म्हणली, "मला म्हाईतच हुतं, सांजच्याला वैरण जास्त लागतीय." मग चाळीस वर्सं सांगितलं का न्हाई, तर म्हणती इचारलं कुणी.

एक शंका. १६०० ला काढता तर १२०० पर्यंत का खाऊ देत न्हाई? गवत फुकट जात न्हाई का?

वायकाटोकर | १८ ऑक्टोबर, रात्री ९:२०

या प्रश्नावर माझे हात भाजलेत, म्हणून जरा सविस्तर.

गवताची शिदोरी तळाच्या चार सेंटीमीटरमध्ये असते. गाय पाती खाऊन गेली की पहिलं नवं पातं त्या साठलेल्या साखरेवर निघतं, कारण ऊन पकडायला वर काही उरलेलं नसतं. ७-८ क्लिकला थांबलात तर शिदोरी शाबूत. ५ क्लिकला नेलंत तर गवत कर्ज काढून उभं राहतं आणि फेरा लांबतो. गाईचंही नुकसान, कारण शेवटचे ते दोन-तीन क्लिक खाताना तिचे घास चिमटीएवढे असतात. दुपारी दोनलाच ती फाटकाशी येऊन हंबरत उभी राहते. भूक असते, पण त्या गवतात राबणं तिला परवडत नाही.

उलट १० किंवा ११ क्लिकला काढलंत तर ती आज खूश, पण खाली सावली पडते, नवे फुटवे येत नाहीत, देठ उरतात. वसंतात एकदा असं सोडलं की पुढे मोअर (गवत कापायचं यंत्र) घेऊन फिरायचं. म्हणजे ७-८ हा आकडा गाईच्या आजच्या पोटाचा नाही, तिच्या पुढच्या फेऱ्याच्या घासाचा आहे. आज तिला थोडं दाबून खायला लावतो, म्हणजे २३ दिवसांनी सगळं पानच मिळेल.

आता भाजलेले हात. आधीच्या एका फार्मवर, माझं इथलं दुसरंच वर्ष. फेब्रुवारी-मार्च म्हणजे इथला उन्हाळ्याचा शेवट. गवत थांबलेलं. मालक म्हणाला, साफ करून घे, तळापर्यंत जाऊ दे. मी नवखा, दिलं जाऊ. मग दोन दिवस कोमट पाऊस पडला, रात्री उकाडा. आठवड्या-दोन आठवड्यांत दूध घसरलं. नंतर गाई सावली शोधायला लागल्या, आचळं चाटायला लागल्या, पांढऱ्या डागांवरची कातडी सोलून निघायला लागली. याला इथे फेशियल एक्झिमा म्हणतात, नावावरून त्वचेचा रोग वाटतो, पण खरा मार यकृताला बसतो. तळाच्या वाळलेल्या पाल्यावर एक बुरशी वाढते, तिच्या बीजाणूंमध्ये विष असतं. पित्तनलिका खराब होतात, मग ऊन सोसत नाही. बीजाणू सगळ्यात जास्त तळाला. आणि आम्ही गाईंना तिथेच तोंड घालायला लावलं होतं.

उपाय म्हणजे मोसम सुरू व्हायच्या आधीपासून झिंक देणं, दर आठवड्याला बीजाणू मोजणं आणि त्या दिवसांत उंची जास्त सोडणं. त्या वर्षी झिंक उशिरा सुरू झालं होतं. सात गाई वाचल्या नाहीत. त्यातली एक सकाळी सगळ्यांच्या पुढे चालत यायची, नंबर अजून लक्षात आहे.

तेव्हापासून ऑक्टोबरचा क्लिक आणि मार्चचा क्लिक मी एक मानत नाही.

गुरांचा डॉक्टर | १८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

यालाच जोडून आपल्याकडची एक उंची. ज्वारी गुडघ्याएवढी असताना, किंवा कापणीनंतर बुडख्याला आलेले कोवळे फुटवे, यांत जनावर सोडू नका. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य जास्त असतं. जनावर धापा टाकतं, कोसळतं, कधी अर्ध्या तासात खेळ खलास. फुलोऱ्यावर आल्यावर धोका बराच उतरतो. तशी शंका आली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर, इंजेक्शन आहे. दरवर्षी मी एखादी तरी केस बघतो.

माणदेशी | १९ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली आणि पहिल्यांदाच लिहितोय. दहिवडीजवळ राहतो. चार गाई, दोन एचएफ संकरित, दोन खिलार. शेततळ्याच्या खाली २० गुंठे गिनी गवत लावलंय, मोंबासा नावाचं. आत्तापर्यंत कापून घालत होतो. मजूर मिळत नाही. झटका मशीन आहे, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी, रानडुकरांसाठी घेतलेली. तिची तार लावून तुकडे पाडून गाई चारल्या तर? उंची किती धरू? तुमचे क्लिक इथे चालणार नाहीत ना?

वायकाटोकर | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

क्लिक विसरा, प्लेट त्या गवतावर बसणारच नाही. रेघा मारलेली काठी घ्या.

मोंबासावर ब्राझीलमध्ये भरपूर काम झालंय. पानांनी ९५ टक्के ऊन अडवलं की खाली सावली होते आणि गवत पानाऐवजी काडी करायला लागतं, तो क्षण गाठायचा. मोंबासात तो साधारण ९० सेंटीमीटरला येतो. टांझानिया नावाच्या गिनीत ७० ला, मारांडू नावाच्या बुटक्या गवतात २५ लाच. बघा, एकाच देशात किती फरक. आणि हत्ती गवत चारणारे १ मीटरला सोडतात.

बाहेर कधी काढायचं? ब्राझीलमधल्याच पोर्तो आलेग्रेच्या संशोधकांनी ज्वारीवर्गीय चाऱ्यावर आणि रायग्रासवरही पाहिलं, सुरुवातीच्या उंचीतलं ४० टक्के खाईपर्यंत गाईचा खाण्याचा वेग टिकतो, पुढे झपाट्याने पडतो. म्हणजे ९० चं ५०-५५ झालं की तार सरकवा. गवत उरलंय म्हणून जीव तुटेल, तरी सरकवा. उरलेलं भाकड गाईंना किंवा खिलारांना चारा, संकरित दुभत्यांना वरचं पान.

तार संध्याकाळी सरकवा. आणि मागची तार विसरू नका, नाहीतर गाई मागे जाऊन नवे कोंब खात बसतात.

हिशोबनीस | १९ ऑक्टोबर, रात्री ८:१०

२० गुंठ्यांत चार गाई भागणार नाहीत, कोरडी वैरण सोडू नका. बाकी मजुरीचा हिशेब मला पटला, हे नाइलाजाने कबूल करतो.

माणदेशी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:००

धागा वर काढतोय. गेले पंचवीस दिवस तारेने चारलं. फक्त दोन संकरित गाई, संध्याकाळची धार झाल्यावर अडीच तास. बाकी दिवसभर गोठ्यात कडबा आणि मका.

पहिल्या तीन दिवसांत अर्ध्याहून जास्त तुडवलं. तुकडा मोठा पडला होता. मग दोन गाईंना रोज अर्धा गुंठा केला. त्यानंतर काठीवर ९० चं ५० होतंय जवळपास बरोबर. एकदा लग्नाला गेलो, पोराने तार सरकवली नाही, दुसऱ्या दिवशी ३० वर आलं होतं आणि दोघींचं मिळून सव्वा लिटर कमी. तिथलं गवत अजून उठलेलं नाही, बाजूचं मात्र पुन्हा वर आलंय.

दूध फार वाढलं असं खोटं सांगणार नाही. पेंड दोघींना मिळून दीड किलोने कमी केली आणि दूध तेवढंच राहिलं. कापणीचा माणूस बंद. गाई साडेसहाला तारेपाशी येऊन उभ्या राहतात, उशीर झाला की तिथूनच हाका मारतात.

वायकाटोकर, एक विचारायचं होतं. थंडीत आमचं गिनी थांबल्यासारखं होतं. फेरा लांबवू, की उंची जास्त सोडू?

वायकाटोकर | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

दोन्ही. फेरा दिवसांवर मोजू नका, काठीवर मोजा. ९० व्हायला पन्नास दिवस लागले तर पन्नास. तोवर गव्हाण आहेच. आणि ३० वर गेलेल्या तुकड्याला या हिवाळ्यात तोंड लावू देऊ नका.

मामा परवा फलटणला परतला. बॅगेत काय घेतलं विचारलं तर बायकोला पर्स, नातवाला जॅकेट आणि आमची जुनी, काउंटर बिघडलेली प्लेट. कस्टमवाल्याला काय सांगितलं देव जाणे. काल फोन आला होता, लसूणघासावर ठोकून बघितली म्हणे, घास सगळा आडवा झाला आणि मामीने प्लेट माळ्यावर टाकली.